ओरखडलेल्या चेंडूची तवारीख

गोल्फ हा आपल्या मोहल्ल्यांतला खेळ नव्हे. कोलकात्यात १८२९ पासून आणि मुंबईत १८४२ पासून साहेबांचे गोल्फ क्लब होते खरे, पण आपल्या वाडवडिलांचा त्यांच्याशी संबंध आलाच असेल तर तो बहुधा माळी किंवा चेंडू शोधून आणणारा पोऱ्या म्हणून. तरीही या चेंडूची कहाणी आम्हाला सांगावीशी वाटते. ती मलायाच्या जंगलातून जाते आणि हुनर कोणाचा, नाव कोणाचे, हा जुनाच सवाल तिच्यात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडमध्ये चेंडू चामड्याचा असे. शिवलेल्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून भरायची. कसबी कारागीर दिवसाला तीन-चार चेंडू करी. चेंडू महाग, आणि पावसात भिजला की कामातून गेला.

इकडे मलायाचे लोक जंगलातल्या एका झाडाच्या चिकापासून कोयत्याच्या मुठी बनवत. हा चीक गरम पाण्यात मऊ होतो आणि थंड झाला की घट्ट. मलय भाषेत ‘गेताह’ म्हणजे चीक. त्यावरूनच ‘गट्टापर्चा’ हा शब्द आला. विल्यम माँटगोमरी या सर्जनने १८४३ मध्ये सिंगापूरहून त्याचे नमुने लंडनला पाठवले आणि नाव त्यांचे झाले. ज्याच्या हातात तो कोयता होता, त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

१८४८ च्या सुमारास या चिकाचे गोल्फचे चेंडू निघाले. (हिंदुस्थानातून आलेल्या मूर्तीभोवती गुंडाळलेल्या चिकापासून पहिला चेंडू झाला, अशी एक कथा सांगतात. कथा गोड आहे, पुरावा कमजोर आहे.) चेंडू स्वस्त झाले. सेंट अँड्रूजमध्ये पिसांचे चेंडू करणारे अॅलन रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी टॉम मॉरिस यांचे याच कारणावरून बिनसले. जुन्या धंद्यावर नवा माल आला की असे होतेच.

पण या नव्या चेंडूत एक खोट होती. तो अगदी गुळगुळीत होता आणि नवा कोरा असताना थोडे अंतर जाऊन धपकन खाली येई. काठीचे घाव बसून ओरखडलेला जुना चेंडू मात्र सरळ आणि लांब जाई. हे प्रथम कोणाच्या ध्यानात आले? खेळणाऱ्यांच्या. मग कारागीर हातोडीने मुद्दाम खुणा पाडू लागले. विद्वानांनी कारण सांगण्याच्या कितीतरी आधी हे काम सुरू झाले होते.

कारण असे. हवेतून जाणाऱ्या चेंडूला हवेचा एक पातळ थर चिकटलेला असतो. चेंडू गुळगुळीत असेल तर हा थर लवकर सुटतो, पाठीमागे मोठी पोकळी पडते आणि तीच चेंडूला मागे खेचते. पृष्ठभाग खडबडीत असेल तर थरात खळबळ माजते, तो पाठीपर्यंत चिकटून राहतो आणि पोकळी लहान होते. आजचा चेंडू खळग्यांशिवाय मारला तर जेमतेम निम्मे अंतर जाईल.

दुसरी गोष्ट फिरकीची. बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये बंदुकीच्या गोळीबाबत दाखवले होते की गिरकी घेणारी गोळी वाट सोडते. हे गृहस्थ पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आले आणि १७५१ मध्ये मद्रासच्या दक्षिणेला फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारले. गोल्फच्या चेंडूला उलटी फिरकीच तोलून धरते, हे एडिंबरोचे प्राध्यापक पी. जी. टेट यांनी १८९० च्या दशकात सिद्ध केले. चेंडूला फीत बांधून, तो मारल्यावर तिला पडलेले पीळ त्यांनी मोजले! आम्हाला हा प्रयोग फार आवडतो; शाळेच्या प्रयोगशाळेतही जमेल असा. फिरकी तिरपी झाली की मात्र तोच चेंडू बाजूला वळतो.

१८९९ मध्ये अमेरिकेत कोबर्न हॅस्केल यांच्या रबरी धाग्याच्या चेंडूला पेटंट मिळाले. १९०५ मध्ये लेस्टरच्या विल्यम टेलर यांनी उंचवट्यांऐवजी खळग्यांचे पेटंट घेतले. ओरखड्याला कायद्याने मालक मिळाला.

येथे क्रिकेट आठवल्याशिवाय राहत नाही. एक बाजू खडबडीत झालेला जुना चेंडू उलटा वळवण्याचा हुनर सरफराज नवाज, इम्रान खान, वसीम अक्रम यांनी जोपासला. १९९२ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या वृत्तपत्रांनी त्याला फसवणूक म्हटले; २००५ च्या अॅशेसमध्ये इंग्लंडच्या गोलंदाजांनी तेच केले तेव्हा ती कला ठरली. नखाने चेंडू कुरतडणे गैरच, त्याची वकिली आम्ही करत नाही. पण हवेचा नियम दोन्हीकडे एकच होता.

गोल्फमध्येही कायदा आडवा आलाच. १९७० च्या दशकात खळग्यांची असमान मांडणी करून, वळू लागला तरी आपोआप सरळ होणारा चेंडू निघाला. अमेरिकन संघटनेने १९८१ मध्ये चेंडू सर्व बाजूंनी समान हवा असा नियम केला. प्रकरण कोर्टात गेले. २००० पासून थरांच्या चेंडूने बाजार जिंकला. आत रबराचा गाभा, त्यावर कडक थर, वर मऊ कवच. जोरदार फटक्यात गाभा दबतो आणि फिरकी कमी बसते. जवळच्या हलक्या फटक्यात मऊ कवच काठीला पकडते आणि फिरकी भरपूर बसते.

आणि ते झाड? चिकासाठी ते मुळापासून तोडले जाई. चेंडूंना लागला तो वाटा थोडा; बहुतेक चीक समुद्राखालच्या तारांवर गेला. १८७० मध्ये मुंबईला सुएझमार्गे विलायतेशी जोडणाऱ्या तारेवरही तोच होता. काही दशकांत सिंगापूर बेटावर ते झाड जवळजवळ दिसेनासे झाले. आजच्या चेंडूत गट्टापर्चाचा कणही नाही. तो सापडतो दंतवैद्याकडे, रूट कॅनलच्या पोकळीत भरायला.