कान्हेरीची सहल

शाळेची सहल म्हटली कीं मोटार, फराळ व हजेरीपत्रक यांची सिद्धता झाली म्हणजे शिक्षक निश्चिंत होतात. इतिहास तेथें गेल्यावर आपोआप भेटेल, अशी त्यांची समजूत असते. आम्हांस ही समजूत मान्य नाहीं. मुंबईस बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत कान्हेरीचीं शंभराहून अधिक लेणीं आहेत. तीं सारीं एका दिवसांत दाखवूं पाहणारा शिक्षक मुलांस पायऱ्या तेवढ्या दाखवून परत आणतो.

पांच-सहा लेणीं पुरेत. परंतु तीं पाहण्यापूर्वीं मुलांच्या मनांत एक प्रश्न असावा. आमच्या मतें तो प्रश्न पाण्याचा. या काळ्या खडकाच्या टेकडीवर भिक्षूंचा मोठा संघ कित्येक शतकें नांदला. पावसाळा सरल्यावर तो पीत काय होता? हें कोडें घेऊन मूल आंत शिरलें म्हणजे त्याची दृष्टि मूर्तीवरून आपसूक पायांखालच्या खडकाकडे वळते. लेण्यांच्या दारांशीं खोदलेलीं टांकीं आणि पावसाचें पाणी त्यांत उतरावें म्हणून कोरलेल्या पन्हळी त्यास दिसूं लागतात. शिलालेखांतून या टांक्यास ‘पोढि’ असा शब्द येतो. याच अरण्यांत एकोणिसाव्या शतकांत विहार व तुळशी हे तलाव बांधले गेले, आणि मुंबईस त्यांचें पाणी अद्यापि मिळतें. ह्या एका गोष्टीनें जेवढा इतिहास कळेल, तेवढा सनावळीच्या दहा पानांनीं कळणार नाहीं.

सहल अर्थातच दिवाळीची सुटी संपतांच काढावी. त्या वेळीं टांक्यांत पाणी असतें व पावसाळ्यांतील निसरडेंहि उरत नाहीं. सोमवारीं उद्यान बंद असतें. फराळाचे डबे मात्र झांकून न्यावे. तेथील माकडांस पुरातत्त्वाची गोडी नाहीं.

दुसरी गोष्ट दानाची. क्रमांक ३ चें भव्य चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळचें, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचें, असें आपण शिकवितों. पण तें करविलें दोघां व्यापारी बंधूंनीं. अन्य लेखांतून कल्याण, सोपारें, चौल येथील व्यापारी व कारागीर भेटतात, भिक्षुणीहि भेटतात. ‘देयधंम’, म्हणजे धर्मार्थ दिलेलें दान, हा शब्द पुनःपुन्हा येतो. आधींच्या आठवड्यांत त्याचीं चार ब्राह्मी अक्षरें फळ्यावर गिरवून घ्यावीं. अर्धचंद्रासारखा ‘ध’ ओळखतांच मुलांचे चेहरे उजळतील.

खरी परीक्षा क्रमांक ९० च्या लेण्यांत. इ. स. १००९ व १०२१ या वर्षीं आलेल्या पारशी पाहुण्यांनीं आपलीं नांवें पेहलवी लिपींत तेथें कोरून ठेविलीं आहेत. तीं पाहून एखादा चलाख मुलगा विचारीलच, “त्यांनीं कोरलीं तर आम्हीं कां कोरूं नयेत?” कायद्यानें तो गुन्हा आहे, एवढें सांगून सुटका करून घेणें हें शिक्षकास शोभत नाहीं. मुलाचा तर्क लंगडा नाहीं. त्या नांवांस आज आपण अमोल साधन मानतों हें खरेंच आहे. आम्ही त्यास इतकेंच सांगूं, कीं ते पाहुणे मोजके होते. आज सुटीच्या एका दिवशीं तेथें चढणाऱ्या प्रत्येकानें एकेक अक्षर कोरलें, तर दात्या व्यापाऱ्याचें नांव राहणार नाहीं, पारशाचेंहि नाहीं, आणि शेवटीं त्या मुलाचेंहि वाचतां येणार नाहीं. त्यानें आपलें नांव वहींत लिहावें, खालीं तारीख घालावी आणि शेजारीं तीं चार अक्षरें पाहून उतरवावीं. उत्तर न पटल्यास त्यास भांडूं द्यावें. परतीच्या वाटेवर त्यास पुरेसा वेळ असतो.