एका आढ्याखाली

प्रवरेच्या काठावरील दायमाबाद येथे १९७४ साली जी चार कांस्यशिल्पे सापडली, त्यांपैकी एकात दोन बैल जुंपलेल्या रथावर एक पुरुष उभा असून त्याच रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. जोर्वे, नेवासे, दायमाबाद अशी आद्य शेतकऱ्यांची वसतिस्थाने ज्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात उत्खननाने उजेडात आली, तेथे माणसाचा आणि पाळीव पशूंचा सहवास किती पुरातन आहे, याची साक्ष अन्यत्र शोधण्याचे कारण नाही. परंतु ज्या घरात जनावरे बांधली जात, ते घर स्वच्छ कसे राखले जाई, या प्रश्नाला तहनामे आणि सनदा जपणाऱ्या दफ्तरांत फारसे स्थान मिळाले नाही; त्याचे उत्तर घरांच्या रचनेत आणि बायकांच्या नित्यक्रमात शोधावे लागते.

शेवगाव, पाथर्डी, कर्जत, जामखेड या अवर्षणाच्या तालुक्यांत जाड मातीच्या भिंतींची धाब्याची घरे असत. पश्चिमेस अकोल्याच्या डोंगरात, जेथे पाऊस अनिवार आणि बिबट्याचे भय नित्याचे, तेथे उतरत्या छपराच्या घरातच एका अंगाला डांगी गाईबैलांची दावण असे. सामान्य रयतेला स्वतंत्र गोठा बांधण्याची ऐपत नसे, आणि बैल हेच कुणब्याचे भांडवल असल्याने ते डोळ्यांआड ठेवूनही चालत नसे. जनावर बाहेर घालवून घर स्वच्छ राखण्याचा मार्ग असा मुळातच बंद होता. म्हणून मर्यादा आखण्याचा मार्ग पत्करला गेला. गोठ्याची जमीन माणसांच्या बाजूहून थोडी खोलगट धरीत आणि तिला बाहेरच्या अंगाला उतार देत. चूल व देव्हारा तेथून होता होईल तो दूर ठेवीत. धान्याच्या कणगीची राखण करणाऱ्या मांजराला चुलीपर्यंत मुभा होती. कुत्र्याची हद्द मात्र ओसरीपाशी संपे.

ही मर्यादा टिके ती वेळेच्या शिस्तीने. झुंजुमुंजू होताच गोठ्यातले शेण पाटीत भरून बाहेर निघे, आणि ओलसर जागेवर राख किंवा कोरडी माती पसरली जाई. शेण ताजे असतानाच त्याचे वाटे पडत: काही गोवऱ्यांसाठी थापले जाई, काही खतासाठी उकिरड्यात पडे, आणि चांगले तेवढे सारवणासाठी निराळे काढले जाई. सारवणाची कृती जवळून पाहण्यासारखी आहे. प्रथम जमीन झाडून उखणलेले पोपडे मातीने लिंपून घ्यायचे. मग शेणात पाणी कालवून, काड्या वेचून, सरसरीत काला करायचा. आणि भिंतीकडून दाराकडे मागे सरकत, हाताने अर्धवर्तुळे काढीत तो असा फिरवायचा की एका फेऱ्याची कड दुसऱ्याखाली जावी आणि आपले पाऊल ओल्यावर पडू नये. वाळलेल्या थराने धूळ बसे आणि जमीन भेगाळत नसे. तिन्हीसांजेला लिंबाच्या पाल्याचा धूर केला जाई, त्याने डास आणि गोमाश्या हटत. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात आणि बाळंतिणीच्या खोलीत ते घातक ठरते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. म्हणून त्या द्रव्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही, पण त्यामागील दक्षता आदरास पात्र आहे.

या दक्षतेची साधने गावगाड्यातून येत. जनावराला बांधायची दावी आणि त्याच जनावरामागे झाडायची शिंदीची केरसुणी, ही दोन्ही मांग बलुतेदाराच्या हातची. त्याबद्दल त्याला सुगीत खळ्यावर धान्य मिळे. लक्ष्मीपूजनाला त्या केरसुणीस हळदकुंकू वाहिले जाई, परंतु ती बांधणाऱ्याला त्या घराचा उंबरठा ओलांडण्याची परवानगी नव्हती. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम तर वतनाच्या नावाखाली महारांवर लादलेले होते. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, आणि अखेर १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. दुसऱ्याच्या मानहानीवर उभी असलेली स्वच्छता ही शुचिता नव्हे, एवढा धडा या इतिहासातून घेतलाच पाहिजे.

पुढे काळ पालटला. १९५० साली लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९६८ मध्ये राहुरीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले, संकरित गाईंचा दुधाचा धंदा वाढला, आणि गोठा घराबाहेर जाऊन त्याला सिमेंटचा कोबा लाभला. घरात फरशी आली, आणि नगर-संगमनेरसारख्या शहरांतील घरांत ओसरीवरचा कुत्रा बैठकीच्या खोलीत येऊन राहिला. त्याचे केस, त्याचा वास, त्याची ओली पावले यांनी त्रस्त झालेल्या गृहस्थाला बाजारातील सुगंधी द्रवाचा मोह पडणे स्वाभाविक आहे. परंतु वासावर वास चढवल्याने घाण जात नाही. प्राण्याची जागा नेमलेली असावी, घाण वाळण्यापूर्वी उचलावी, ओल कोरडी करूनच मग जमीन पुसावी, आणि आजचे काम उद्यावर ढकलू नये, हे आपल्या आज्यापणज्यांचे नियम फरशीलाही तितकेच लागू आहेत. बदलायचे ते एवढेच, की पिढ्यान्‌पिढ्या एकट्या बाईच्या माथी मारलेले हे कष्ट, ज्यांना तो प्राणी प्रिय आहे त्या घरातील सर्वांनी वाटून घ्यावेत.