कोयनेची पाल आणि आमचं दाभोळ

मंडळी, दाभोळच्या इतिहासावर लिहायचं म्हटलं की सगळेच बंदरापाशी घुटमळतात. बहमनी काळातली भरभराट, इथूनच जहाजात बसून परत निघालेला रशियन प्रवासी निकितीन, 1508च्या डिसेंबरात आल्मेदाने केलेली जाळपोळ... आमच्या घरीही हेच ऐकत मोठे झालो. आज मात्र जरा खाडीच्या वरच्या अंगाला जाऊ.

कोयना खरं तर पूर्वेची नदी, कृष्णेला मिळणारी. पण 1960च्या दशकात वीजप्रकल्प सुरू झाला आणि तिचं पाणी पोफळीला खाली, वाशिष्ठीत येऊ लागलं. म्हणजे कोयनेच्या जंगलात पडलेला पाऊस आता दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतो!

त्या जंगलात एक पाल राहते. बोटाएवढी, खडकाच्याच रंगाची, दिवसा फिरणारी. डोळ्याची बाहुली गोल, बोटांना घरातल्या पालीसारख्या पसरट गाद्या नाहीत. शास्त्रीय नाव नेमॅस्पिस कोयनाएन्सिस, आणि ते मिळालं 2019 साली. या गटातल्या सह्याद्रीतल्या पालींना गारवा लागतो. सावली, ओलसर खडक, झाडांची खोडं. मधली तापलेली खोरी त्यांना ओलांडवत नाहीत, म्हणून बऱ्याच डोंगरांची पाल वेगळी. कोल्हापूरची 2009 साली नोंदली गेली, कासच्या पठारावरची 2014 साली, आंबोलीची 2018 साली, आंबा घाटातली कोयनेवालीसोबतच. नावंही बघा, कोल्हापुरेन्सिस, आंबोलिएन्सिस. आपले चिपळूणकर, दाभोळकर तसंच हे!

आडनाव मात्र उसनं आहे. नेमॅस्पिस हे नाव 1887 साली श्ट्राउख नावाच्या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने दिलं, व्हिएतनामजवळच्या एका बेटावरच्या पालीला. (पुन्हा रशियनच!) दिसायला सारख्या म्हणून आफ्रिकेतल्या आणि आपल्याकडच्या पालीही त्याच नावाखाली गेल्या. 2012 साली जनुकं तपासली तेव्हा कळलं, तिघींचं जवळचं नातं नाहीच.

उलट आपल्या भिंतींवर दिसणारी पिवळसर पाल घ्या. तिचं शास्त्रीय नाव 1835चं, तेही तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरातल्या पालीवरून. माणसाच्या घरात राहते, त्याच्या सामानातून प्रवास करते. बंदरांच्या इतिहासात बसणारी पाल ती. पंचांगातलं पल्लीपतनही तिच्यासारख्यांसाठीच. कोयनेवाली कुणाच्या अंगावर पडायची?

पण मला खरी काळजी हिचीच वाटते. कोयनेला 1985 साली अभयारण्य झालं, त्यामुळे झाडं तोडणाऱ्याला अडवता येतं. उन्हाळा वाढला तर त्याला कोण अडवणार? घरातली पाल दुसरं घर बघेल. हिला शेजारच्या डोंगरावर जायचं तरी मधे तापलेलं खोरं आहे.

असो. पुढच्या पावसाळ्यात चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कोयनेला जायचा बेत आहे. पाल दिवसाची, त्यामुळे बॅटरी नको. छत्री आणि जळवांसाठी मीठ मात्र हवं. येणाऱ्यांनी आधी कळवा.