तणनाशके आणि हवामान (वऱ्हाड)

तणनाशकाचा परिणाम मात्रेइतकाच फवारणीच्या दिवसावर ठरतो. अकोल्याच्या जुन्या शहराची वेस ओलांडली, की मोर्णेच्या खोऱ्यातली काळी, भारी जमीन लागते. इथले सोयाबीन-कपाशीचे पीक बहुतांशी पावसावरचे, म्हणून हा प्रश्न इथे अधिक बोचतो. पेंडीमिथॅलिनसारखे उगवणीपूर्व तणनाशक ओल्या मातीतच कोवळ्या अंकुराला लागू पडते. पेरणीनंतर पावसाने दडी मारली तर ते कोरड्या ढेकळांवर नुसते पडून राहते. उगवणीनंतरच्या औषधांचे गणित वेगळे. पावसाच्या खंडात केन्याच्या पानावरचा मेणाचा थर दाट होतो, रसवहन मंदावते आणि इमॅझेथापायरचा थेंब आत शिरण्याआधीच वाळतो. बांधावर ग्लायफोसेट फवारल्यावर लगेच सर आली तर औषध धुऊन जाते. लव्हाळ्याचे पाते पिवळे पडले तरी जमिनीतल्या गाठी पुन्हा फुटतात.

मग मात्रा वाढवावी, असे सर्रास सुचवले जाते. ते टिकत नाही: अडचण शोषणाची आहे, औषध कमी पडण्याची नव्हे, शिवाय ताणातल्या सोयाबीनला जादा औषध सोसत नाही. उष्णतेत औषध लवकर काम करते हे खरे, पण मुळाशी ओल असेल तरच. तापल्या दुपारी २,४-डीची वाफ शेजारच्या कपाशीवर गेली, तर तिची पाने बोटांसारखी अरुंद होतात. योग्य दिवसाची वाट पाहताना तण माजते, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तेव्हा डवरणी आणि निंदण यांनाच पर्याय नाही. अकोल्यातच १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. फवारणीआधी तिथला सल्ला आणि पावसाचा अंदाज दोन्ही पाहावेत.