पडद्यावरील एका वधूचा चेहरा

एकाद्या प्रसिद्ध पात्राचें सोंग हुबेहुब वठवावयाचें असलें म्हणजे नवशिका मनुष्य प्रथम त्या पात्राचें छायाचित्र मिळवितो, तें आरशाशेजारीं ठेवितो आणि रंगाच्या डब्या उघडतो. रंगपटांत मुरलेला जाणता रंगभूषाकार मात्र तसें करीत नाहीं. पेशवाईंतील कारभारी उभा करावयाचा असेल तर त्या काळीं पगडी कशी बसवीत, मिशीला वळण कसें देत, कपाळीं गंध कोणतें लावीत, याची चौकशी तो आधीं करितो. चेहरा माणसाचा असला तरी त्यावरील साज काळाचा असतो, हें त्याला ठाऊक असतें. परदेशांतील भयपटांच्या पात्रांनाही हाच नियम लागू पडतो. 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' या बोलपटांतील वधू हें त्याचें उत्तम उदाहरण होय.

हा बोलपट १९३५ सालीं हॉलिवुडच्या युनिव्हर्सल कंपनीनें काढिला. त्याचे दिग्दर्शक जेम्स व्हेल. एल्सा लँचेस्टर या इंग्रज नटीनें त्यांत दोन भूमिका केल्या. आरंभींच्या प्रवेशांत ती मूळ कादंबरीची लेखिका मेरी शेली होऊन येते आणि अखेरीस तीच वधू होऊन अवतरते. श्रेयनामावलींत वधूच्या भूमिकेपुढें तिचें नांव नाहीं. तेथें केवळ एक प्रश्नचिन्ह आहे. ही वधू पडद्यावर अवघीं कांहीं मिनिटें दिसते. ती एक शब्दही बोलत नाहीं. जो राक्षस तिचा वर व्हावयाचा, त्याला पाहून ती किंचाळते व फूत्कार सोडते. लंडनच्या रीजंट्स पार्कांतील हंसांवरून आपल्याला हा फूत्कार सुचला, असें लँचेस्टरबाई सांगत असत.

एवढ्या अल्प दर्शनानें या वधूनें लोकांच्या मनांत घर केलें आणि गेलीं नव्वद वर्षें तिचीं सोंगें निघत आलीं. उभे केंस, त्यांत दोन्ही बाजूंस विजेसारखे पांढरे पट्टे, पांढरा रंग फांसलेलें तोंड आणि काळे ओंठ, एवढी सामग्री जमली म्हणजे काम झालें असें पुष्कळांस वाटतें. पण असें सजलेलें माणूस वधूसारखें न दिसतां नुसतें भुतासारखें दिसतें. चूक हाताची नसते. चूक चौकशीची असते.

पहिली चौकशी अर्थातच ग्रंथाची. मेरी शेली यांची कादंबरी १८१८ सालीं प्रसिद्ध झाली. तींत राक्षसाचें वर्णन स्पष्ट आहे: पिवळट कातडी, काळेभोर लांब केंस, शुभ्र दांत आणि काळपट ओंठ. वधूचें तसें वर्णन नाहीं, कारण कादंबरींत ती जिवंतच होत नाहीं. शास्त्रज्ञ तिला घडवावयास घेतो आणि प्राण घालण्यापूर्वींच स्वतःच्या हातांनीं तिचा नाश करितो. तेव्हां पडद्यावरील वधूचा चेहरा ग्रंथांतून आलेला नाहीं. तो चित्रपटाच्या रंगपटांत जन्मास आला, आणि म्हणून त्याचें मूळ त्या रंगपटांत व त्या काळांतच शोधावें लागतें.

त्या रंगपटाचे अधिपति जॅक पिअर्स. त्यांचा जन्म १८८९ सालीं ग्रीस देशांत झाला. अमेरिकेंत येऊन चित्रपटव्यवसायांत अनेक कामें केल्यावर ते युनिव्हर्सलच्या रंगभूषा विभागाचे प्रमुख झाले. १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन' बोलपटासाठीं राक्षस घडवितांना त्यांनीं रंगाला हात लावण्यापूर्वीं शरीररचना, शस्त्रक्रिया, गुन्हेगारशास्त्र आणि प्राचीन दफनविधि यांचा कित्येक महिने अभ्यास केला, असें त्यांनीं पुढें एका मुलाखतींत सांगितलें. त्यांचा तर्क मोठा मार्मिक होता. हा शास्त्रज्ञ कांहीं धंद्यानें शस्त्रवैद्य नव्हे; कवटी उघडून मेंदू बसवावयाची वेळ आली तर तो सर्वांत सोपा मार्ग पत्करील. भांड्याच्या झांकणासारखा माथा सरळ कापील, मेंदू आंत ठेवील आणि झांकण पुन्हा घट्ट बसवील. राक्षसाचा माथा सपाट झाला तो या तर्कामुळें. जें केवळ विद्रूप वाटतें त्याच्यामागें असा विचार होता.

हा राक्षस झालेले नट बोरिस कार्लोफ. त्यांचें खरें नांव विल्यम हेन्री प्रॅट. त्यांच्या घराण्याचा हिंदुस्थानाशीं जुना संबंध होता. वडील येथील मिठाच्या महसुलाच्या खात्यांत अधिकारी होते. आणि त्यांच्या आईची मावशी ॲना लिओनोवेन्स, जी पुढें सयामच्या राजदरबारांत शिक्षिका म्हणून प्रसिद्धीस आली, तिचा जन्म १८३१ सालीं अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास झाला होता. कार्लोफ यांच्या डोक्यावर व कपाळावर कापूस आणि कलोडियन नांवाचें उग्र वासाचें द्रव यांचे थर चढविले जात. पापण्यांवर मेण बसवून त्या जड केल्या जात. तोंडांतील कृत्रिम दांत काढून एक गाल आंत ओढलेला ठेवावा लागे. या सर्वाला रोज सुमारें चार तास लागत आणि काम आटोपल्यावर तो लेप उतरविण्याचा त्रास निराळाच. १९३३ मध्यें चित्रपटांतील नटांचा संघ स्थापन झाला, तेव्हां त्याच्या अगदीं आरंभींच्या सभासदांत कार्लोफ होते, यांत नवल नाहीं.

वधूच्या वेळीं पिअर्स यांच्यापुढें निराळा प्रश्न होता. राक्षस कुरूप असला तरी चालणार होतें. वधू कुरूप असून चालणार नव्हतें. ती मृत देहांच्या तुकड्यांची, आणि तरीही मोहक दिसावयास हवी होती. तिच्या केंसांची कल्पना फार दुरून आली. प्राचीन ईजिप्तची राणी नेफर्टीटी हिचा रंगविलेला अर्धपुतळा १९१२ सालीं जर्मन संशोधक लुडविग बोर्खार्ट यांच्या उत्खननांत अमार्ना येथें सांपडला आणि १९२४ मध्यें बर्लिनच्या संग्रहालयांत लोकांसमोर ठेवण्यांत आला. मध्यंतरीं १९२२ सालीं तुतनखामेनची कबर उघडली होती. त्या दशकांत युरोपअमेरिकेंतील दागिने, कापड व इमारती यांवर ईजिप्तची छाया पडली. नेफर्टीटीच्या मस्तकावरील तो उंच, मागें झुकलेला मुकुट वधूच्या मस्तकावर केंसांचा होऊन आला. लँचेस्टरबाईंनीं आपल्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे कीं, डोक्यावर तारेचा सांगाडा बसवून त्यावरून त्यांचे स्वतःचे केंस विंचरून घेतले होते. पांढरे पट्टे मात्र निराळे जोडलेले. त्या केंसांच्या लहरी पाहिल्या म्हणजे त्या काळच्या केशभूषागृहांतील तापविलेल्या चिमट्यांची आठवण होते. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींची राणी आणि १९३५ सालची नागर स्त्री अशा एका मस्तकावर एकत्र आल्या.

यापुढचा शोध चेहऱ्याचा, आणि खरें रहस्य येथेंच आहे. वधूचें एकादें स्थिर छायाचित्र घ्यावें, केंस हातानें झांकावे आणि उरलेला चेहरा पाहावा. हनुवटीखालचे व्रण सोडले तर तो १९३५ च्या एकाद्या मासिकांतील सौंदर्यप्रसाधनाच्या जाहिरातींत सहज शोभला असता. १९२० नंतरच्या दशकांत पाश्चात्य स्त्रिया ओंठ लहान व धनुष्याकृति रंगवीत, डोळ्यांभोंवतीं गडद काळिमा ठेवीत आणि भिवया बारीक, कडेला उतरत्या करीत. पुढच्या दशकांत हें सर्व पालटलें. भिवया उपटून जवळजवळ नाहींशा करावयाच्या आणि नैसर्गिक जागेहून वर पेन्सिलीनें एक बारीक कमान काढावयाची, ही नवी रीत आली. ओंठ लांब व भरीव झाले. पापण्यांचे केंस वर वळूं लागले. कातडी गुळगुळीत, संगमरवरासारखी दिसावी असा हव्यास सुरू झाला. ग्रेटा गार्बो, मार्लेन डीट्रिख, जीन हार्लो यांच्या चेहऱ्यांनीं ही रीत घरोघर पोंचविली.

वधूची भिवई हीच आहे. फरक इतकाच कीं, तिची कमान जरा अधिक चढती आहे आणि तिच्या गालांवर रक्ताची खूण नाहीं. त्याहून मौजेची गोष्ट अशी कीं, आरंभींच्या प्रवेशांत एकोणिसाव्या शतकांतील मेरी शेली होऊन बसलेल्या लँचेस्टरबाईंच्याही भिवया १९३५ च्याच आहेत. १९३४ मध्यें सेसिल डिमिल यांच्या बोलपटांत क्लॉडेट कोल्बर्ट क्लिओपात्रा झाली, तेव्हां नाईलच्या त्या राणीलाही हॉलिवुडचीच भिवई मिळाली. वेषभूषा कितीही मागच्या शतकांत गेली तरी चेहरा सहसा चित्रपटाच्या सालांतच राहतो. म्हणून जुन्या पात्राचा माग काढणारानें कथेचा काळ आणि चित्रपटाचा काळ हे दोन निरनिराळे धरावयास हवेत.

तिसरी चौकशी रंगाची. कृष्णधवल चित्रांत दिसणारा काळा ओंठ प्रत्यक्षांत काळा असेलच असें नाहीं. मूकपटांच्या काळांतील फिल्मला तांबडा रंग दिसत नसे; तांबड्या ओंठांची काळी रेघ उमटे आणि निळे डोळे फिक्कट पडत. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सर्व रंगांची दखल घेणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रूढ झाली, दिवेही बदलले, आणि मॅक्स फॅक्टर यांनीं १९२८ च्या सुमारास त्या फिल्मसाठीं नव्या छटांचे रंग तयार केले. कार्लोफ यांच्या चेहऱ्यावरील रंग निळसर-हिरवट होता. तो प्रेक्षकाला हिरवा दिसावा म्हणून नव्हे, तर पडद्यावर प्रेतासारखा पांढुरका दिसावा म्हणून. १९३९ च्या 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन'च्या वेळीं कोणी हौसेनें घेतलेली थोडीशी रंगीत फिल्म उपलब्ध आहे. तींत तो रंग दिसतो. पुढें राक्षस म्हणजे हिरवा असें मुलांच्या खेळण्यांपर्यंत सर्वत्र ठरून गेलें, तें प्रेक्षकानें पडद्यावर कधींच पाहिलें नव्हतें. लँचेस्टरबाईंचे केंसही काळे नसून तांबूस होते. जो छायाचित्रावरून रंग ठरवितो तो अशा रीतीनें फसतो.

या शोधांत आणखी एक गोष्ट हातीं लागते, आणि ती मनाला चटका लावणारी आहे. वधू एका प्रयोगशाळेंत घडते. मापें घेऊन, तुकडे जोडून, पुरुषांच्या इच्छेप्रमाणें. पण त्याच सुमारास मॅक्स फॅक्टर यांनीं चेहऱ्याचें माप घेणारें एक यंत्र तयार केलें होतें. धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू यांचा तो सांगाडा स्त्रीच्या डोक्यावर चढवीत व नाक, कपाळ, हनुवटी आदर्शापासून कितपत ढळली आहेत तें मोजीत. त्याचें छायाचित्र आज पाहणारास तें एकाद्या भयपटांतील वाटतें. याहून गंभीर प्रकार 'लॅश लुअर' या पापण्या रंगविण्याच्या द्रव्याचा. १९३३ च्या सुमारास त्यांतील दाहक रसायनामुळें अनेक स्त्रियांची दृष्टि गेली आणि एकीला प्राणास मुकावें लागलें. अमेरिकन सरकारच्या अन्न व औषध खात्यानें अशा घातक वस्तूंचें प्रदर्शन मांडलें. वृत्तपत्रसृष्टींत त्याला 'भयाची कोठडी' असें नांव पडलें. प्रसाधनांवर नियंत्रण ठेवणारा कायदा १९३८ सालीं झाला. तोंवर सौंदर्याची आणि भयाची कोठडी यांमध्यें फारशी जाड भिंत नव्हती. बोलपट पाहावयास आलेल्या कित्येक स्त्रिया वधूसारख्याच भिवया रेखून आल्या असतील. पडद्यावरील तो चेहरा त्यांना परका नव्हता. तो त्यांच्या आरशांतलाच होता, आणि भीतीचें मर्म तेथें होतें.

ज्यानें हें मर्म ओळखलें त्या पिअर्स यांचा शेवट सुखाचा झाला नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर रबराचे तयार मुखवटे आले. तासन्‌तास कापूस चिकटवीत बसण्याची जुनी पद्धत खर्चाची व मंद ठरली, आणि कंपनीची नवी रचना होतांच त्यांना नोकरी सोडावी लागली. १९६८ सालीं ते वारले. रंगभूषेसाठीं अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचें नियमित पारितोषिक सुरू झालें तें १९८१ च्या चित्रपटांपासून. त्यांनीं घडविलेले चेहरे सर्व जगाला ठाऊक आहेत. त्यांचें नांव मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.

ज्यांना ही वधू पुन्हा उभी करावयाची असेल त्यांनीं म्हणून उलट्या क्रमानें जावें. भुताचा विचार आधीं करूं नये. १९३५ सालीं मेजवानीस निघालेली एक सुंदर स्त्री प्रथम रंगवावी: बारीक उंच भिवई, नीट कोरलेले ओंठ, गुळगुळीत कातडी, लहरी पाडलेले केंस. ती पुरती साधली म्हणजे मग गालांवरची लाली पुसावी, हनुवटीखालीं टांक्यांची ओळ काढावी आणि केंस राणीच्या मुकुटासारखे वर चढवावे. तेवढ्यानें वधू आपोआप समोर येते. पिअर्स यांनीं भूत रंगविलें नव्हतें. त्यांनीं आपल्या काळची सुंदर स्त्री रंगविली आणि तिच्यांतील जीव तेवढा काढून घेतला. त्यांच्या हाताची नक्कल करावयाची तर त्यांच्यासारखाच अभ्यास आधीं करावा लागतो, आणि विसरल्या गेलेल्या त्या कारागिराचें तेंच खरें स्मरण होय.