साह्याची यादी आणि यादीबाहेरचा शेतकरी

सरकारी खजिन्यांतून शेतकऱ्यास पैसा मिळाला, तर तो कोणास व किती मिळाला हें चारचौघांस कळावें कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ हिशेबाचा वाटतो. परंतु इतिहास चाळला म्हणजे तो सत्तेचा प्रश्न आहे असें दिसून येतें. अमेरिकेंतील एक प्रकरण या दृष्टीनें मननीय असल्यामुळें आम्ही तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

१९३३ सालीं तेथील शेतमालाचे भाव इतके खालावले होते कीं, पीक कमी काढण्याबद्दलच शेतकऱ्यास मोबदला द्यावा, असा मार्ग रूझवेल्ट-सरकारनें पत्करला. मे महिन्यांत कायदा झाला आणि त्याच उन्हाळ्यांत सुमारें १ कोटी एकरांवरील उभ्या कपाशींत नांगर फिरला. हा पैसा शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या गिरण्यांवरील करांतून, म्हणजे अखेरीस बव्हंशीं कापड व पाव विकत घेणाऱ्या सामान्य जनांकडूनच येत होता.

गहू, मका व डुकरें यांसंबंधींच्या करारांत एक विलक्षण पद्धति अवलंबिण्यांत आली. शेतकऱ्यानें सांगितलेले उत्पन्नाचे आंकडे स्थानिक वृत्तपत्रांत छापीत. हेतु हा कीं, कोणी ते फुगविले असल्यास शेजाऱ्यानें हरकत घ्यावी. बांधाला बांध लागलेल्या शेजाऱ्यापासून पीक लपत नाहीं, हें आमच्याकडील कुणब्यासहि ठाऊक आहे!

मात्र लहानांवर रोखलेली ही दृष्टि मोठ्यांकडे वळण्यास १९३६ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं सेनेटर व्हँडनबर्ग यांनीं दहा हजारांहून अधिक डॉलर घेणारांची माहिती मागविली. ती आली तेव्हां फ्लॉरिडांतील एकाच साखर-कंपनीस दहा लाखांवर डॉलर मिळाल्याचें उघड झालें. मिसिसिपींतील एका अवाढव्य कपाशी-मळ्यासहि मोठी रक्कम मिळाली होती. त्याचे मालक मँचेस्टरकडील सूत-गिरणीवाले, आणि त्याचे व्यवस्थापक ऑस्कर जॉन्स्टन हे स्वतः त्याच सरकारी खात्यांत अधिकारावर होते!

यादीविरुद्धचे आक्षेप अगदींच पोकळ आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याची जमीन मोठी त्याचा मोबदला मोठा, यांत लबाडी असतेच असें नाहीं. आणि गरिबाचें साह्य चव्हाट्यावर मांडणें हें सभ्यपणाचेंहि नव्हे. २०१० सालीं युरोपीय न्यायालयानें असाच विवेक केला. रकमेचा व काळाचा कांहींएक भेद न करतां व्यक्तींचीं नांवें सरसकट प्रसिद्ध करणें त्यानें अवैध ठरविलें. कंपन्यांचीं नांवें मात्र झांकूं दिलीं नाहींत. पुढें २०१३ च्या नियमांत अल्प रकमा घेणारांस वगळून व्यक्तींचीं नांवें पुनः खुलीं झालीं. ही तडजोड आम्हांस न्याय्य वाटते.

तथापि यादीनें सर्व कांहीं साधतें, हाहि भ्रमच होय. कपाशीचा मोबदला मुख्यतः जमीनमालकाच्या हातीं पडला, आणि पेरा घटल्यावर कित्येक वाटेकरी व कुळें देशोधडीस लागलीं. १९३४ च्या जुलैंत अर्कन्सॉमध्यें गोऱ्या-काळ्या वाटेकऱ्यांनीं मिळून संघ स्थापिला तो याच दुःखापायीं. सेनेटपुढील यादी कितीहि प्रामाणिकपणें केली असती, तरी तींत त्यांचीं नांवें येण्याचा संभवच नव्हता.

आपल्याकडेहि २००८ सालीं केंद्र सरकारनें शेतकऱ्यांचीं कर्जें माफ केलीं, तेव्हां लाभार्थ्यांच्या याद्या बँकांच्या शाखांत लावण्याचा नियम होता. तरीहि २०१३ सालीं नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या तपासणींत अपात्रांस लाभ झाल्याचीं आणि पात्र शेतकरी वगळले गेल्याचींहि उदाहरणें आढळलीं. भिंतीवरची यादी घेणाराचें नांव सांगते; ज्यास मिळावयास हवें होतें आणि मिळालें नाहीं, त्याविषयीं ती मुकी असते. म्हणून कोणास दिलें हें विचारून थांबणें आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. कोण राहिला, हें विचारण्याचा अधिकार गांवास मिळेल, तेव्हांच तो हिशेब पुरा झाला असें म्हणतां येईल.