पोलोन्नारुवाचं दगडी पुस्तक

श्रीलंकेला गेलात तर पोलोन्नारुवाला एक अख्खा दिवस द्या आणि सॅकमध्ये जाड मोज्यांचा एक जोड नक्की टाका. देवळात चपला-बूट काढावे लागतात आणि दुपारी बारा वाजता तिथला दगड म्हणजे तापलेला तवा! मोजे घातलेले चालतात, हे मला तळपाय भाजल्यावर कळलं. असो.

भाड्याची सायकल घेऊन निघालो होतो गल विहाराकडे. एकाच कातळात कोरलेला चौदा मीटर लांबीचा निजलेला बुद्ध. फोटो खूप पाहिले होते, तरी समोर उभं राहिल्यावर बोलती बंद झाली. उशीला डोक्याच्या भाराने पडलेला खळगासुद्धा दगडात कोरलाय राव!

पण मला जास्त मजा आली ती निश्शंकमल्लाची. या राजाने ११८७ ते ११९६ अशी जेमतेम नऊ वर्षं राज्य केलं आणि जागोजागी स्वतःची स्तुती खोदून ठेवली. 'गल पोत' म्हणजे दगडी पुस्तक. सव्वीस फुटी शिळेवर महाराजांचे पराक्रम! शेजारचा सुंदर वटदागेही आपणच बांधला, असं तो लिहितो. अभ्यासकांना मात्र ते बहुधा आधीच्या पराक्रमबाहूचं काम वाटतं. दुसऱ्याचा कोड स्वतःच्या नावावर खपवणारे तेव्हाही होते म्हणायचे.

याच अंगणाजवळ, दंतधातूच्या जुन्या मंदिरापाशी, आणखी एक शिलालेख उभा आहे. त्याच्याकडे फारसं कोणी फिरकत नाही. तो चक्क तमिळमध्ये आहे.

त्याची गोष्ट अशी. ९९३ च्या सुमारास चोळांनी अनुराधपुर पाडलं आणि पोलोन्नारुवाला राजधानी करून तिचं नाव 'जननाथमंगलम' ठेवलं. १०७० मध्ये विजयबाहूने त्यांना हाकललं. पण त्याच्याच फौजेत वेळैक्कार नावाचं तमिळ सैन्य होतं. चोळांवर चालून जायला नकार देत त्यांनी बंड केलं आणि राजाने ते चिरडलं. पुढे काय झालं असेल? विजयबाहूच्या मृत्यूनंतर बुद्धाच्या दाताच्या मंदिराचं रक्षण करायची जबाबदारी याच वेळैक्कारांनी घेतली आणि तसं तमिळमध्ये दगडावर लिहून दिलं. बौद्धांच्या सर्वांत पवित्र वस्तूला तमिळ सैनिकांचा पहारा!

मी लहानपणापासून श्रीलंका म्हटलं की बातम्यांमधलं सिंहली विरुद्ध तमिळ एवढंच ऐकलेलं. १९८३ ते २००९, सव्वीस वर्षांचं युद्ध. ते भांडण हजार वर्षांचंच आहे, असं मी पक्कं धरून चाललो होतो. त्या शिळेसमोर उभं राहिल्यावर माझं ते गणित काही जुळेना.

संध्याकाळी परत येताना चोळांनी बांधलेलं शिवाचं देऊळ लागलं. नकाशावर नाव 'शिव देवाले क्रमांक २'. आटोपशीर, संपूर्ण दगडी, राजराजाच्या राणीच्या नावाचं. चोळ गेले, राजे बदलले, १२१५ मध्ये कलिंगाच्या माघाने शहर लुटलं, पुढे सगळ्यावर जंगल वाढलं. आजूबाजूच्या विटांच्या इमारतींची छपरं कधीच गेली. या परक्यांच्या देवळाचा घुमट मात्र शाबूत आहे. आत पिंडीवर ताजी फुलं होती. कोणीतरी नुकताच दिवा लावून गेलं होतं.